अपराध्याची कैफियत

खून करणारा मनुष्य पकडला जाऊ नये अशी इच्छा पापभीरू आणि कायद्याची चाड बाळगणाऱ्या वाचकाच्या मनात उत्पन्न व्हावी, आणि ती उत्पन्न झाल्याचे त्याचे त्यालाच काही पाने उलटून गेल्यावर उमगावे, हा चमत्कार कादंबरी जितक्या सहजपणे घडवून आणते तितक्या सहजपणे तो दुसरा कोणताही वाङ्मयप्रकार घडवीत असेल असे मला वाटत नाही. दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातला रास्कोल्निकोव्ह हा दरिद्री आणि मानी तरुण गहाणवटीचा धंदा करणाऱ्या एका म्हातारीला कुऱ्हाडीने ठार मारतो, अवचित घरी परतलेल्या तिच्या निरुपद्रवी बहिणीलाही मारतो, आणि निसटण्याच्या बेतात असतानाच म्हातारीची दोन गिऱ्हाइके दाराशी येऊन घंटा वाजवू लागतात. दार ओढले जाते, आतली कडी खडखडते. कडी आतून लागली आहे त्या अर्थी आत कोणीतरी असलेच पाहिजे, असा बिनतोड तर्क बाहेरचा माणूस बोलून दाखवितो. आणि दाराच्या अलीकडे कुऱ्हाड हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या खुन्याबरोबर वाचकही श्वास रोखून उभा असतो. पलीकडच्या खोलीत दोन प्रेते पडलेली आहेत याचा त्याला जणू विसर पडलेला असतो. कडी निघू नये, एवढेच त्याला त्या घटकेला वाटत असते.

असे का वाटते, हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे. माणसाला विकृतीची गोडी असते, वर्तमानपत्रातील खुनाची हकीकत तो ज्या चवीने वाचतो त्याच चवीने अशा कादंबऱ्याही वाचतो, असे त्याचे सोपे उत्तर पुष्कळांनी दिलेले आहे. परंतु वर्तमानपत्रातील हकीकत वाचताना आपण आरोपीला शिक्षा व्हावी असे म्हणतो आणि कादंबरी वाचताना नेमके उलट इच्छितो, या साध्या अनुभवापुढे ते उत्तर टिकत नाही.

रहस्यकथेची दोन कुळे आहेत. पहिल्यात गुन्हा घडून गेलेला असतो, आणि तो कोणी केला, कसा केला, कशासाठी केला याच्या तपासात उरलेली पाने खर्च होतात. शेरलॉक होम्सच्या कथा आणि अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या या गोत्राच्या. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने मराठी वाचकांना जे वेड लावले त्यात तपासापेक्षा साहसाचा अंश अधिक होता. तथापि तेथेही वाचक दुर्बलांचा कैवार घेणाऱ्या नायकाच्या बाजूने निःशंक उभा असे. दुसऱ्या कुळात अपराधी प्रथमपासूनच ठाऊक असतो, किंवा कथा सांगणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचेच मन इतके डळमळीत असते की तिने जे पाहिले ते खरोखर घडले की नाही हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो. मनोविश्लेषणात्मक रहस्यकादंबरी म्हणतात ती या दुसऱ्या कुळातली. अमेरिकेतील विल्यम ब्रूअर आणि एडवर्ड लिक्टन्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास कथेपासून मिळणाऱ्या आनंदाची जी मीमांसा केली तिच्यात विस्मय, कुतूहल आणि उत्कंठा हे तीन भाव त्यांनी वेगळे काढले आहेत. एखादी महत्त्वाची गोष्ट दडविली आहे याचा पत्ताच वाचकाला लागू न देता ती अकस्मात उघड केली म्हणजे विस्मय. काहीतरी दडविले आहे हे कळू देऊन ती राखून ठेवली म्हणजे कुतूहल. आणि आरंभीची घटना उघडपणे सांगून तिचा परिणाम तेवढा लांबणीवर टाकला म्हणजे उत्कंठा. पहिले कुळ कुतूहलावर जगते, दुसरे उत्कंठेवर.

आल्फ्रेड हिचकॉक या चित्रपट-दिग्दर्शकाने फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हाच भेद मेजाखालच्या बाँबचे उदाहरण घेऊन समजावला, आणि ते उदाहरण तेव्हापासून सर्वतोमुखी झाले आहे: बाँब असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाचा धक्का क्षणभराचा, ठाऊक असेल तर मेजाभोवतीच्या निरर्थक गप्पांचा एकेक शब्द प्राणांतिक. मला मात्र त्याच मुलाखतीतील दुसरे, कमी उद्धृत होणारे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. एक मनुष्य परक्याच्या खोलीत शिरून खण उपसतो आहे आणि खोलीचा मालक जिना चढून वर येतो आहे, असे दाखविले म्हणजे त्या चोरट्याविषयी यत्किंचितही प्रेम नसताना, त्याला कोणीतरी सावध करावे असे प्रेक्षकाला वाटू लागते. याचा अर्थ असा की, जो संकटात आहे आणि ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहत आहो त्याची बाजू घेणे ही आपल्या मनाची उपजत प्रवृत्ती आहे, आणि नीतिविचाराला तिच्या मागून पोहोचावे लागते. १९६० च्या ‘सायको’त हिचकॉकने तिची जी परीक्षा घेतली ती कठोरच म्हणावी लागेल. खून झालेल्या तरुणीचे प्रेत जिच्यात आहे ती मोटार दलदलीत बुडता बुडता मध्येच थांबते, आणि ती पुरती बुडावी अशी इच्छा सगळ्या नाट्यगृहाच्या मनात येऊन जाते.

या कुळाची वंशावळ विस्ताराने सांगत बसण्याचे कारण नाही. एडगर अॅलन पो याने १८४३ साली एका वेड्या खुन्याच्या तोंडून त्याचीच जबानी वदवून घेतली, ती या प्रकाराची पूर्वज मानावी; पुढे १९३१ साली फ्रान्सिस आयल्स या टोपणनावाने निघालेल्या एका इंग्रजी कादंबरीत, बायकोला मारण्याचा खेडेगावातील डॉक्टरचा बेत आरंभीच सांगून टाकलेला होता. हा टोपणनावाचा लेखक अँथनी बर्कली कॉक्स, म्हणजे निव्वळ कोड्याच्या रहस्यकथेचा निष्णात कारागीर आणि त्या पंथाच्या लंडनमधील मंडळाचा संस्थापक. कोड्यात आता राम उरलेला नाही, यापुढे माणसाच्या स्वभावाचे कोडे सोडवावे लागेल, हे ज्याने ती कोडी घातली त्यालाच प्रथम जाणवले.

मात्र या विद्येची खरी अधिकारी व्यक्ती पॅट्रिशिया हायस्मिथ. त्यांच्यापाशी थोडे थांबल्याखेरीज हा विषय उलगडणार नाही. त्यांचा जन्म १९ जानेवारी १९२१ रोजी टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे झाला. जन्मापूर्वीच आईवडिलांचा विवाह मोडलेला होता. हायस्मिथ हे आडनाव सावत्र वडिलांचे. कार्ल मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाने सामान्य वाचकांसाठी लिहिलेला ‘द ह्यूमन माइंड’ हा ग्रंथ आठ-नऊ वर्षांच्या वयात त्यांच्या हाती पडला, आणि चोरीची किंवा आगी लावण्याची अनावर वासना असलेल्या माणसांची त्यातील वृत्ते ही मुलगी परीकथा वाचाव्यात तशी वाचीत असे. ही माणसे खरी आहेत, ती आपल्या शेजारीपाजारी राहत असतील आणि वरून ती ओळखूही येणार नाहीत, ही जाणीव त्या वाचनातून त्यांना झाली. पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी पोटासाठी काही वर्षे चित्रकथांच्या मासिकांसाठी कथानके रचली, आणि १९५० साली ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली.

तिचे कथानक सांगायला सोपे आहे. गाय हेन्स हा तरुण वास्तुशिल्पी आगगाडीत ब्रूनो नावाच्या एका श्रीमंत, दारूबाज आणि लाडावलेल्या मुलाला भेटतो. गायला व्यभिचारी पत्नीपासून सुटका हवी आहे, ब्रूनोला बापापासून. तेव्हा दोघांनी खुनांची अदलाबदल करावी, म्हणजे ज्याला हेतू आहे त्याच्याजवळ गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा राहील आणि ज्याने गुन्हा केला त्याच्याजवळ हेतूच सापडणार नाही, असा प्रस्ताव ब्रूनो मांडतो. गाय तो झिडकारतो. ब्रूनो आपल्या वाटचा खून तरीही करून मोकळा होतो, आणि मग पत्रे, निरोप, धमक्या व भेटी यांचा असा काही ससेमिरा गायच्या मागे लावतो की अखेर तो सज्जन, कर्तबगार, पुनर्विवाहाच्या उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्य एका रात्री पिस्तूल घेऊन ब्रूनोच्या बापाच्या शयनगृहात शिरतो. या दोन टोकांमध्ये एकही पायरी गाळलेली नाही. कोणत्या दिवशी गायने पोलिसांत वर्दी द्यायला हवी होती आणि त्या दिवशी ती का दिली नाही, दुसऱ्या दिवशी ती देणे आदल्या दिवसापेक्षा अवघड का झाले, याचा लेखिकेने एखाद्या जुन्या दप्तरदाराने रोजनामा लिहावा तसा तपशीलवार हिशेब ठेवलेला आहे. आणि वाचकाला पायरीपायरीने खाली उतरताना कोठेही असे म्हणता येत नाही की, येथे मी असतो तर नक्की थांबलो असतो.

‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) ही याहून पुढची मजल. १९५२ साली इटलीत पोझितानो येथे मुक्कामाला असताना हॉटेलच्या सज्जातून हायस्मिथबाईंना पहाटेच्या वेळी किनाऱ्यावरून एकटाच चालत जाणारा एक तरुण दिसला. तो कोण, कुठला हे त्यांना पुढे कधीही कळले नाही, पण टॉम रिप्लीचे बीज तेथे पडले. कादंबरी आरंभापासून बारकाईने पाहावी. पहिल्याच पानावर न्यूयॉर्कच्या रस्त्यात एक गृहस्थ टॉमच्या मागून येतो आहे, आणि हा आपल्याला पकडायला आलेला अंमलदार तर नव्हे, या भीतीने टॉम जवळच्या मद्यगृहात शिरतो. त्याने केले काय आहे हे आपल्याला अजून सांगितलेले नाही. प्राप्तिकर खात्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून तो भोळ्या माणसांना जादा कराच्या नोटिसा धाडीत असतो, आणि येणारे धनादेश सरकारच्या नावे असल्यामुळे त्यांतून त्याला एक छदामही मिळत नाही, हा केविलवाणा प्रकार आपल्याला नंतर कळतो. अपराधाच्या आधी अपराध्याची भीती वाचकाच्या स्वाधीन करायची, हा या लेखिकेचा पहिला डाव. आणि भीती एकदा वाटून घेतली की अपराधाची वाटणी आपोआप होत जाते.

दुसरा डाव लाजेचा, आणि माझ्या मते या संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे मर्म तेथेच आहे. मागून आलेला तो गृहस्थ टॉमला आपल्या मुलाला, म्हणजे इटलीत चैन करीत बसलेल्या डिकीला, परत आणण्यासाठी स्वखर्चाने पाठवितो. डिकीजवळ पैसा आहे, घर आहे, बोट आहे, आणि आपण कोणाला आवडतो की नाही याची फिकीर करण्याची गरज त्याला आयुष्यात कधी पडलेली नाही. टॉम लहानपणीच पोरका झालेला आणि कुजकट बोलणाऱ्या आत्याच्या अन्नावर वाढलेला. एके दिवशी डिकीचे कपडे अंगावर चढवून टॉम आरशासमोर त्याच्या आवाजाची नक्कल करीत असताना डिकी दारात येऊन उभा राहतो. त्या क्षणी टॉमची जी अवस्था होते ती ज्याने कधीच अनुभवली नाही असा वाचक विरळा. खून आपल्यापैकी कोणी केलेला नसतो. परंतु श्रीमंत मित्राच्या घरी आपण नकोसे झालो आहो हे ध्यानात येणे, आपली गुप्त हौस कोणीतरी पाहिली हे कळणे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कादंबरीकार वाचकाकडे खुनाचे समर्थन मागतच नाही; तो त्याच्याकडे फक्त या लाजेची ओळख मागतो, आणि ती ओळख पटली की सान रेमोच्या समुद्रात वल्ह्याचा पहिला प्रहार होईपर्यंत वाचकाला मागे फिरण्याची वाट उरलेली नसते. त्यानंतर टॉम डिकीच्या नावाने रोममध्ये राहतो, संशय आलेल्या फ्रेडी माइल्सला मारतो, खोट्या सह्या करतो, खोटे मृत्युपत्र तयार करतो, आणि शेवटी ग्रीसच्या बंदरात आपल्याला बेड्या पडणार या खात्रीने उतरतो. बेड्या पडत नाहीत. डिकीची मालमत्ता त्याला मिळते.

अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त शोकात्मिकेला वर्ज्य अशी जी कथानके सांगितली आहेत त्यांत दुष्ट मनुष्य विपन्नावस्थेतून सुस्थितीला पोहोचतो हे सर्वांत त्याज्य ठरविले आहे, कारण त्याने करुणाही जागत नाही आणि भयही जागत नाही. हायस्मिथबाईंनी नेमके तेच कथानक उचलले आणि त्याच माणसावर १९९१ पर्यंत आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या. अॅरिस्टॉटलचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर रंगभूमी होती आणि रंगभूमीवरचा दुष्ट आपण बाहेरून पाहतो. कादंबरीतला दुष्ट आतून पाहायला मिळतो, आणि आतून पाहिले की भय उत्पन्न होते, केवळ ते त्याच्याविषयी वाटण्याऐवजी त्याच्या वतीने वाटू लागते.

हे ‘आतून पाहणे’ म्हणजे काय, याचा उलगडा करण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी सविकल्प समाधीचा जो सिद्धान्त मांडला त्याचा आशय असा की, वाङ्मयाचा आस्वाद घेताना वाचक परक्या भूमिकेशी तद्रूप होतो खरा, पण स्वतःच्या भूमिकेचे भान तो सर्वस्वी सोडीत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याचा हा आनंद आहे. केळकरांपुढे रहस्यकादंबरी नव्हती, तथापि तिला हा सिद्धान्त जितका चपखल लागू पडतो तितका तो प्रेमकथेलाही पडत नसेल. प्रेमकथेतील नायकाशी एकरूप होताना आपल्यातला विवेक कुरकुर करीत नाही. टॉम रिप्लीशी एकरूप होताना तो अखंड निषेध नोंदवीत असतो, आणि तो निषेध व ती एकरूपता यांच्या ओढाताणीतूनच या कादंबऱ्यांची विशिष्ट उत्कंठा निर्माण होते. तो पकडला जाईल काय, ही तिची वरची बाजू. मला तो पकडला जायला हवा आहे काय, ही आतली.

अर्वाचीन मानसशास्त्राने याच गोष्टीला दुसऱ्या दिशेने हात घातला आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कास्ट्रोची बाजू घेणारे किंवा त्याला विरोध करणारे निबंध वाचायला दिले होते, आणि लेखकाने कोणती बाजू मांडायची हे त्याला नेमून दिलेले होते असे सांगूनही, निबंधातले मत हे लेखकाचे खरेच मत असले पाहिजे असा वाचणाऱ्यांचा कल राहिला. दुसऱ्याच्या कृतीचे कारण शोधताना आपण त्याच्या परिस्थितीला कमी आणि त्याच्या स्वभावाला अधिक महत्त्व देतो. ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीला मूलभूत प्रमादाचे नाव दिले. स्वतःच्या कृतीचा खुलासा करताना मात्र आपण परिस्थितीकडे बोट दाखवितो, असे जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७१ साली प्रतिपादन केले. नंतरच्या संशोधनात हा फरक मानला होता तितका सरसकट नाही असे आढळले आहे, हेही सांगितले पाहिजे. तरी न्यायाधीशाच्या आसनावरून एक माणूस दिसतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून दुसरा, एवढे तथ्य त्यात निश्चित आहे. फिर्यादीच्या कागदात ‘अमुक इसमाने अमुक दिवशी अमुक कृत्य केले’ एवढेच येते. आदल्या तीनशे दिवसांची कैफियत तेथे कोणी लिहून घेत नाही, आणि ती लिहून घेण्याचे काम या कादंबऱ्यांनी पत्करले आहे.

या कैफियतीची धास्ती चित्रपटांना वाटली, हा तिच्या सामर्थ्याचा उत्तम दाखला होय. दाफ्नी द्यू मॉरिए यांच्या ‘रेबेका’ (१९३८) या कादंबरीत मॅक्सिम डी विंटरने पहिल्या पत्नीला गोळी घालून मारलेले आहे, आणि त्याची दुसरी पत्नी, जिचे नाव कादंबरीभर कोठेही येत नाही, ती व तिच्याबरोबर वाचक हे कळल्यावरही त्यालाच वाचवू पाहतात. हॉलिवूडच्या नियमावलीचा १९३४ पासून कडक अंमल सुरू झाला होता आणि तिच्याप्रमाणे खुनी मोकळा सुटणे निषिद्ध होते. तेव्हा १९४० च्या चित्रपटात पहिली पत्नी पडून डोके आपटल्याने मरते आणि मॅक्सिम निर्दोष ठरतो. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’वरील हिचकॉकच्या १९५१ च्या चित्रपटात गाय हा टेनिसपटू होतो आणि खून करीतच नाही. रिप्लीवरील १९६० च्या फ्रेंच चित्रपटात डिकीचे प्रेत बोटीच्या दोराला गुंतून वर येते आणि पोलीस दाराशी उभे राहतात. तिन्ही चित्रपट देखणे आहेत, परंतु वाचकाच्या मनावर कादंबरीने जो भार ठेवला होता तो तिघांनीही परस्पर उतरवून टाकला.

इंग्लंडमध्ये हा वारसा रूथ रेंडेल यांनी चालविला. त्यांच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७) या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात खुनी कोण, बळी कोण आणि कारण काय, ही तिन्ही उत्तरे दिलेली आहेत: युनिस पार्चमन या घरकाम करणाऱ्या बाईने कव्हरडेल कुटुंबाला मारले, कारण तिला लिहितावाचता येत नव्हते. निकाल आधी ठाऊक झाल्याने कथेची गोडी जात नाही, उलट ती वाढते, असे कॅलिफोर्नियातील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांना २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले; पुढील सर्वच प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही, पण रेंडेलबाईंच्या बाबतीत मला त्याचा पूर्ण प्रत्यय येतो. मालकिणीने मेजावर ठेवलेली साधी चिठ्ठी युनिसला धोंड्यासारखी वाटते, आणि शेवट ठाऊक असल्यामुळे ती चिठ्ठी वाचकालाही तशीच वाटू लागते. घरातील मुलगी तिचे गुपित ओळखते आणि मनापासून म्हणते, मी तुला शिकवीन. ती दयाच सर्वनाशाला कारण होते. आपल्याकडील वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या गावात सगळेच निरक्षर तेथे निरक्षरतेची लाज कोणाला वाटत नाही, अंगठा उठवणे हा तेथे रिवाज असतो. युनिसची लाज ही सर्व साक्षरांच्या मध्ये एकटे निरक्षर असण्याची आहे, म्हणून तिच्या गुन्ह्यात त्या सुखवस्तू, पुस्तकप्रेमी आणि तिची चौकशी कधीही न करणाऱ्या घराचाही वाटा लेखिकेने दाखविला आहे.

एकविसाव्या शतकात या प्रकाराची लोकप्रियता अपरंपार वाढली, आणि तिच्यात स्मृतीच्या दोषावर आधारलेल्या कादंबऱ्यांचा भरणा मोठा आहे. गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’मध्ये (२०१२) नाहीशा झालेल्या पत्नीची रोजनिशीच बनावट निघते. पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधील (२०१५) रेचेल दारूच्या आहारी गेलेली आहे, पिऊन घालविलेल्या रात्री तिला आठवत नाहीत, आणि त्या रिकाम्या जागा तिचा पूर्वीचा नवरा आपल्या सोयीच्या हकिकतींनी भरून ठेवतो. हे मानसशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली मोटार-अपघाताची एकच फीत दाखवून, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ की एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाल्या’ एवढाच शब्दभेद प्रश्नात केला, तर आठवड्यानंतर फितीत नसलेल्या फुटक्या काचा ‘पाहिल्याचे’ सांगणारे पहिल्या गटात पन्नासांत ७ निघाले आणि दुसऱ्यात १६. मद्यामुळे संपूर्ण विस्मृती होते तेव्हा मात्र आठवण मेंदूत मुळी उमटतच नाही, त्यामुळे ती पुढे हुडकून काढता येत नाही. अर्धवट विस्मृतीत खुणेने काही तुकडे परत येतात. हा भेद अनेक लेखक सोयीनुसार विसरतात आणि ऐन शेवटच्या प्रकरणात नायिकेला सगळे लख्ख आठवते. हॉकिन्स यांनी तुकड्यांचा मार्ग पत्करला आणि रेचेलच्या आत्मतिरस्काराला खरेपणा दिला, म्हणून ती कादंबरी तिच्या असंख्य अनुकरणांपेक्षा उजवी ठरते.

त्या अनुकरणांविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. शेवटी वाचकाला धक्का द्यायचा एवढेच ज्यांचे उद्दिष्ट, त्यांनी पुन्हा विस्मयाचाच मार्ग धरला आहे, आणि व्यसन, बालपणीचा आघात, मनोविकार हे त्यांच्याकडे पात्राला चिकटवायच्या चिठ्ठ्या होऊन बसतात. मनोरुग्णाला रहस्याचा मुद्देमाल म्हणून वापरणे हे कलेच्या दृष्टीने उथळ आणि माणुसकीच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. रिप्लीचे वैशिष्ट्य त्याला कोणता रोग होता यात नाही. लेखिकेने त्याला रोगाचे नाव देऊन हातावेगळे केले नाही, यात आहे. मराठीत नारायण धारपांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि दुभंगलेल्या मनाचे जयवंत दळवींचे चित्रण तर ‘अंधाराच्या पारंब्या’ आणि तिच्यावरून झालेले ‘बॅरिस्टर’ हे नाटक यांत किती खोल गेले आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्या खोलीची स्वभावदृष्टी आणि अपराध्याच्या बाजूने लिहिलेली उत्कंठेची कादंबरी यांचा संयोग आपल्याकडे अधिक व्हायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

ज्याला या वाङ्मयाची केवळ चव घ्यायची आहे त्याने रिप्लीपासून आरंभ करावा. ज्याला त्याची अखेरची शक्यता पाहायची आहे त्याने हायस्मिथबाईंचीच ‘ईडिथ्स डायरी’ (१९७७) मिळवून वाचावी. पेन्सिल्व्हेनियातील एका गावात राहणाऱ्या ईडिथचा मुलगा क्लिफी आळशी, दारूबाज आणि निरुद्योगी आहे. नवरा तरुण स्त्रीबरोबर निघून जातो आणि आपल्या आजारी काकाची शुश्रूषा तिच्या गळ्यात टाकून जातो. ईडिथ रोजनिशी लिहिते, आणि तिच्यात क्लिफी चांगला शिकतो, इंजिनिअर होतो, त्याचा विवाह होतो, त्याला मुले होतात. घरात एक मृत्यू संशयास्पद रीतीने घडतो, पण कथेचा भार त्याच्यावर नाही. रोजनिशी आणि घर यांच्यातील अंतर प्रतिवर्षी किती वाढते, आणि ते कोणाच्या तरी दृष्टीस पडेल त्या दिवशी काय होईल, एवढ्यावरच लेखिकेने शेकडो पाने वाचकाला खिळवून ठेवले आहे. रहस्यकादंबरी म्हणून हिची विक्री कशी करावी हा प्रश्न त्या काळच्या प्रकाशकांना पडला होता, आणि हायस्मिथबाईंच्या नेहमीच्या अमेरिकन प्रकाशकाने ती नाकारली. त्यांच्या सर्व कादंबऱ्यांत मी हिला पहिले स्थान देतो.